गुडघ्याची सांधारेषा

गुडघ्याची सांधारेषा म्हणजे मांडीचे हाड आणि नडगीचे हाड यांच्या टोकांमध्ये असलेल्या फटीची त्वचेवरून ठरवता येणारी पातळी. ही रेषा डोळ्यांना दिसत नाही. गुडघ्याभोवतीचे हाडांचे उंचवटे, कडा आणि त्यांमधील खळगे बोटांनी चाचपून ती निश्चित करावी लागते. अशा उंचवट्यांना शरीररचनाशास्त्रात अस्थिखुणा म्हणतात. गादीच्या दुखापतीचे निदान, सांध्यात साठलेले पाणी काढणे, इंजेक्शन देणे, दुर्बिणीद्वारे केली जाणारी शस्त्रक्रिया, गुडघेरोपण आणि कृत्रिम पायाची मोजणी या सर्व कामांत या रेषेला महत्त्व आहे. ती एका सेंटीमीटरने चुकली तरी परिणाम जाणवतो: गादीऐवजी हाडाची कड दाबली जाते, सुई सांध्याऐवजी चरबीत शिरते, किंवा दुर्बिणीसाठी दिलेला छेद गादीलाच कापतो.

वाटी आणि सांधा

मराठीत गुडघ्याविषयी बोलताना 'वाटी' हा शब्द सर्रास वापरला जातो. 'वाटी सरकली', 'वाटी झिजली', 'वाटी बदलून घेतली' असे म्हटले जाते. वाटी (जान्वस्थी) हे गुडघ्याच्या पुढच्या बाजूस, मांडीच्या स्नायूच्या कंडरेत बसलेले स्वतंत्र हाड आहे. शरीराचा भार ज्या दोन हाडांमधून जातो, ती तिच्या मागे आणि खाली भेटतात. गुडघेरोपणातही मुख्यतः मांडीच्या व नडगीच्या हाडांची झिजलेली टोके कापून त्यांवर धातूचे भाग बसवले जातात आणि त्यांच्यामध्ये पॉलिएथिलीनचा तुकडा ठेवला जातो. वाटीच्या मागच्या पृष्ठभागावर आवरण बसवायचे की नाही, हा वेगळा निर्णय असतो. त्यामुळे 'वाटी बदलली' हा प्रयोग रूढ असला तरी तो शस्त्रक्रियेचे वर्णन करत नाही.

शब्दाचा हा घोळ तपासणीच्या वेळी प्रत्यक्ष अडचण होऊन उभा राहतो. रुग्ण 'वाटीत दुखते' असे सांगून गुडघ्यावर पुढून तळहात ठेवतो. एकाच बोटाने नेमकी जागा दाखवायला सांगितले, तर ते बोट पुष्कळदा वाटीच्या खाली आणि आतल्या बाजूस, म्हणजे सांधारेषेवर किंवा तिच्याही खाली टेकते. या दोन जागांची कारणे आणि उपचार वेगळे आहेत.

रचना

गुडघ्यात मांडीचे हाड (ऊर्वस्थी, फीमर), नडगीचे हाड (अंतर्जंघास्थी, टिबिया) आणि वाटी ही तीन हाडे येतात. पोटरीच्या बाहेरच्या बाजूचे बारीक हाड (बहिर्जंघास्थी, फिब्युला) गुडघ्याच्या मुख्य सांध्यात भाग घेत नाही; मात्र त्याचे वरचे टोक खूण म्हणून फार उपयोगी पडते.

फीमरचे खालचे टोक दोन गोलाकार स्थूलकांचे असते, तर टिबियाचा वरचा भाग पठारासारखा असतो. या पठाराची आतली बाजू मोठी व किंचित खोलगट, तर बाहेरची लहान व किंचित फुगीर असते. दोन्ही बाजूंना हाडांच्या मध्ये अर्धचंद्राकृती कूर्चा म्हणजे मेनिस्कस असतात. बोलीभाषेत त्यांना गादी म्हणतात. आतली गादी आतल्या बाजूच्या अस्थिबंधाला घट्ट चिकटलेली असल्याने कमी हलते, आणि तिलाच अधिक वेळा इजा होते.

सांधारेषा जमिनीला काटेकोर समांतर असते असे चित्र पुस्तकांतील साध्या आकृत्यांमुळे मनात बसते. प्रत्यक्षात टिबियाचे पठार मागच्या बाजूस उतरते असते, आणि हा उतार सामान्यतः ५ ते १० अंशांचा असतो. शिवाय टिबियाच्या अक्षाच्या संदर्भात ते आतल्या बाजूस सुमारे ३ अंशांनी कललेले असते. म्हणून पुढच्या बाजूस सापडलेल्या बिंदूपासून मागे सरळ आडवी रेघ ओढली, तर ती मागच्या भागात खऱ्या फटीच्या वर, फीमरवर जाते. पट्टीने रेघ ओढण्यापेक्षा फटीचा मागोवा बोटाने घेत जाणे अधिक विश्वसनीय ठरते, ते यामुळे.

अस्थिखुणा

वाटीचे खालचे टोक ही सर्वांत सहज सापडणारी खूण होय. पाय सरळ आणि मांडीचा स्नायू सैल असताना हे टोक सांधारेषेच्या सुमारे १ सेंटीमीटर वर असते. पण ही खूण जागची हलते. मांडीचा स्नायू आवळताच वाटी वर ओढली जाते, आणि गुडघा वाकवला की ती फीमरच्या खाचेतून खाली सरकते. वाटीपासून टिबियापर्यंत जाणाऱ्या कंडरेची लांबीही व्यक्तीगणिक वेगळी असते. इन्सॉल आणि साल्वाती यांनी १९७१ मध्ये या कंडरेची लांबी व वाटीची लांबी यांचे गुणोत्तर मोजण्याची पद्धत मांडली. ते साधारणपणे १ च्या आसपास असते, आणि ०.८ ते १.२ ही मर्यादा सामान्य धरली जाते. ज्यांची वाटी मुळातच उंचावर आहे, त्यांच्यात तिच्यावरून रेषेचा अंदाज बांधला तर तो वरच्या बाजूस चुकतो.

टिबियाचा पुढचा उंचवटा, म्हणजे वाटीची कंडरा जिथे हाडाला चिकटते ती जागा, स्थिर असते. त्याची वरची कड सांधारेषेच्या साधारण २ ते २.५ सेंटीमीटर खाली येते. वाढीच्या वयातील खेळाडू मुलामुलींमध्ये हाच उंचवटा सुजून दुखू लागतो. १९०३ मध्ये ऑसगुड व श्लाटर यांनी स्वतंत्रपणे वर्णिलेला हा विकार 'गुडघेदुखी' म्हणूनच दवाखान्यात येतो, पण त्याचा सांध्याच्या फटीशी संबंध नसतो.

बाहेरच्या बाजूस फिब्युलाचे डोके बोटाला गोटीसारखे लागते. त्याचे टोक सांधारेषेच्या सुमारे १ ते १.५ सेंटीमीटर खाली असते. डोक्याच्या लगेच खाली, हाडाच्या मानेला वळसा घालून, पाऊल वर उचलणाऱ्या स्नायूंना पुरवठा करणारी नस जाते. म्हणून येथे जोराने दाबणे टाळतात, आणि घट्ट पट्टी किंवा प्लास्टर बांधताना ही जागा मोकळी राहील अशी काळजी घेतात. फिब्युलाचे डोके आणि टिबियाचा पुढचा उंचवटा यांच्या दरम्यान आणखी एक छोटा उंचवटा लागतो. तो जेर्डीचा उंचवटा या नावाने ओळखला जातो, आणि मांडीच्या बाहेरच्या बाजूने येणारा जाड पट्टा त्याला चिकटतो.

फीमरच्या दोन्ही बाजूंना स्थूलकांच्या वर एकेक उंचवटा असतो, त्यांना एपिकाँडाइल म्हणतात. दोन्ही सांधारेषेच्या साधारण २.५ ते ३ सेंटीमीटर वर असतात. त्यांत आतला सहसा थोडा अधिक उंचावर सापडतो. आतल्या एपिकाँडाइलच्या वर व किंचित मागे अॅडक्टर ट्युबर्कल ही टोकदार गुलिका असते. मांडीच्या आतल्या बाजूने खाली येणाऱ्या दोरीसारख्या कंडरेवरून बोट सरकवत आणले की ते या गुलिकेवर अडते. ती सांधारेषेपासून साधारण ४ ते ४.५ सेंटीमीटर वर असते. जाड व्यक्तींमध्ये एपिकाँडाइल नीट लागत नाही, तेव्हाही ही गुलिका बहुधा सापडते. शिवाय शस्त्रक्रियेत सांध्याचे पृष्ठभाग कापले गेले तरी ती शाबूत राहते. पुढे सांगितलेल्या गुणोत्तर पद्धतीचा आधार म्हणून तीच निवडली जाण्याचे कारण हे आहे.

गुडघ्याच्या मागे पडणारी त्वचेची वळी ही अस्थिखूण नव्हे. ती बहुधा सांधारेषेच्या थोडी वर असते आणि पाय वाकवताना जागा बदलते, त्यामुळे तिच्यावर विसंबू नये.

रेषा शोधण्याची रीत

रुग्णाला उताणे झोपवून गुडघा सुमारे ९० अंशांत वाकवतात आणि पाऊल पलंगावर सपाट टेकवतात. पाय सरळ असताना वाटी व कंडरा यांच्या दोन्ही बाजूंचा भाग भरलेला असतो आणि फट बोटाला लागत नाही. वाकवल्यावर तीच जागा मोकळी होते. तपासणारा समोर बसून दोन्ही अंगठे वाटीच्या खालच्या टोकाशी, कंडरेच्या दोन्ही बाजूंना ठेवतो. तेथे दोन मऊ खळगे लागतात. खळग्याची वरची कड गोल व गुळगुळीत असते, ती फीमरची. खालची कड तुलनेने धारदार असते, ती टिबियाच्या पठाराची. या दोहोंमधील फट हीच सांधारेषेची सुरुवात.

येथून अंगठा फटीतून न उचलता हळूहळू बाजूला व मागे न्यायचा असतो. आतल्या बाजूस मध्यावर अस्थिबंधाचा रुंद पट्टा आडवा येतो आणि फट काही अंतर बुजल्यासारखी वाटते. त्याच्या मागे ती पुन्हा लागते. बाहेरच्या बाजूसाठी एक सोपी युक्ती आहे. रुग्णाला त्या पायाचा घोटा दुसऱ्या गुडघ्यावर आडवा ठेवायला सांगितले की बाहेरचा अस्थिबंध फिब्युलाच्या डोक्यापासून वर एपिकाँडाइलपर्यंत ताणलेल्या दोरीसारखा उभा राहतो. सांधारेषा या दोरीला आडवी छेदून जाते.

बोटाखाली खरोखर फटच आहे, याची खात्री हालचालीतून होते. एक अंगठा फटीवर ठेवून दुसऱ्या हाताने पाऊल आत-बाहेर वळवले, तर खालची कड अंगठ्याखाली सरकते आणि वरची जागीच राहते. नडगी आतल्या बाजूस वळवली असता आतल्या गादीची पुढची कडही काही जणांत चाचपता येते. दोन्ही कडा एकत्र हलल्यासारख्या वाटल्या, तर बोट टिबियावरच आहे असे समजावे. प्रत्येक खुणेचे सेंटीमीटर पाठ करण्यापेक्षा ही एक चाचणी हातात बसवणे नवशिक्या विद्यार्थ्याला अधिक लाभाचे ठरते.

रेषा सापडल्यावर ती पेनाने त्वचेवर आखून ठेवतात आणि दुसऱ्या, न दुखणाऱ्या गुडघ्याशी ताडून पाहतात.

अंतर की गुणोत्तर

वर दिलेली सर्व अंतरे सरासरीची आहेत. उंच व्यक्तीचे हाड मोठे असते, तर ठेंगण्या व्यक्तीचे लहान. स्त्री-पुरुषांतही फरक पडतो. एपिकाँडाइलपासून सांधारेषेपर्यंतची अनेक प्रसिद्ध मोजमापे युरोपीय व अमेरिकी रुग्णांवर घेतलेली आहेत. ती लहान बांध्याच्या भारतीय स्त्रीला जशीच्या तशी लावली, तर रेषा प्रमाणापेक्षा खाली धरली जाण्याचा धोका असतो.

यावर उपाय म्हणून गुणोत्तर वापरले जाते. अॅडक्टर ट्युबर्कल ते सांधारेषा हे अंतर फीमरच्या खालच्या टोकाच्या रुंदीच्या निम्म्याहून किंचित अधिक, साधारण ०.५४ पट असते. रुंदी ८० मिलिमीटर असेल तर रेषा गुलिकेच्या सुमारे ४३ मिलिमीटर खाली येते. रुंदी ७० मिलिमीटर असेल तर सुमारे ३८ मिलिमीटर. सर्वांसाठी एकच आकडा धरला असता, तर या दोन गुडघ्यांपैकी एकात ५ मिलिमीटरची चूक झाली असती. त्वचेवरून इंजेक्शन देताना ही चूक कदाचित खपून जाते, सांधेरोपणात मात्र ती पुष्कळ मोठी आहे.

उपयोग

सांधारेषेवर दाबल्यास होणारी वेदना हे गादी फाटल्याचे एक नेहमीचे लक्षण आहे. दुखापतीची रीतही ठरावीक असते: पाऊल जमिनीवर रोवलेले, गुडघा वाकलेला आणि शरीर अचानक वळलेले. फुटबॉल किंवा कबड्डीच्या मैदानाची उदाहरणे पुस्तकांत असतात. पण रत्नागिरीसारख्या जिल्ह्यात पावसाळ्यातील भातलावणी हीदेखील नेमकी अशीच स्थिती आहे. पाऊल चिखलात रुतलेले असते, आणि कमरेतून वाकलेले माणूस रोपांची मुठ घेण्यासाठी बाजूला वळते. गावच्या दवाखान्यात एमआरआय नसतो. कोणत्या गुडघ्याला पुढच्या तपासणीसाठी शहरात पाठवायचे, हे तेथे अंगठ्याच्या दाबावरच ठरते.

मात्र केवळ या वेदनेवरून गादी फाटली असा निष्कर्ष काढता येत नाही. झिजेच्या संधिवातातही रेषेवर दुखते, आणि पुढचा क्रूसबंध तुटला असता या चाचणीचा भरवसा कमी होतो. म्हणून तिला मॅकमरे व अॅप्ली यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, गुडघा वळवून करावयाच्या चाचण्यांची जोड देतात. आतल्या बाजूस रेषेच्या ४ ते ५ सेंटीमीटर खाली मांडीच्या तीन स्नायूंच्या कंडरा टिबियाला चिकटतात. तेथील पिशवीला सूज आली की दुखणे 'गुडघ्याच्या आत' आहे असे रुग्णाला वाटते. रेषा आधी आखून घेतली असेल, तर ही गफलत होत नाही.

वाकवलेल्या गुडघ्यात पुढून इंजेक्शन देताना सुई कंडरेच्या बाजूच्या खळग्यातून, सांधारेषेच्या किंचित वरून आत नेतात. दिशा चुकल्यास औषध वाटीखालच्या चरबीच्या गादीत जाते. तेथे ते दुखते आणि उपयोगही कमी होतो. साठलेले पाणी काढण्यासाठी बहुधा वाटीच्या वरच्या-बाहेरच्या कोपऱ्याजवळची जागा पसंत केली जाते. त्या वेळी मार्गदर्शक असते ती वाटीची कड.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पहिला छेद सामान्यतः कंडरेच्या बाहेरच्या बाजूस, रेषेच्या सुमारे १ सेंटीमीटर वर घेतात. छेद खाली गेल्यास गादीचे पुढचे टोक कापले जाऊ शकते, फार वर गेल्यास सांध्याच्या मागच्या भागात पोहोचता येत नाही.

रेषेची खरी कसोटी लागते ती गुडघेरोपणात, विशेषतः पहिला कृत्रिम सांधा सैल झाल्यामुळे पुन्हा कराव्या लागणाऱ्या शस्त्रक्रियेत. तेथे मूळ पृष्ठभाग उरलेले नसतात आणि हाडही झिजलेले असते. नवा सांधा जुन्या रेषेच्या वर बसला, तर वाटी तुलनेने खाली येते, गुडघा पूर्ण वाकत नाही, आणि अर्धवट वाकलेल्या अवस्थेत तो डळमळतो. जिना उतरताना किंवा खुर्चीतून उठताना ही डळमळ जाणवते. रेषा सुमारे ८ मिलिमीटरपेक्षा अधिक सरकू नये, हा दंडक १९८० च्या दशकापासून वापरात आहे. अशा वेळी अॅडक्टर ट्युबर्कल, एपिकाँडाइल, फिब्युलाचे डोके आणि दुसऱ्या गुडघ्याचे क्ष-किरण चित्र यांचा एकत्रित आधार घेतला जातो.

चकवणाऱ्या परिस्थिती

सांध्यात पाणी भरले असता खळगे नाहीसे होतात. जुन्या संधिवातात फटीच्या कडेला हाडाचे काटे वाढतात आणि त्यांची कड हीच टिबियाची कड असल्याचा भास होतो. पाय धनुष्यासारखे बाहेर वाकलेल्या रुग्णात आतली फट जवळजवळ बंद झालेली असते. तेथे बाहेरच्या बाजूने सुरुवात करून रेषा पुढून आत आणणे सोयीचे पडते. गुडघा पूर्ण वाकत नसेल तर जितका वाकेल तितक्यात तपासावे लागते. हाड मोडल्याचा संशय असताना मात्र पाऊल वळवून पाहण्याची चाचणी करत नाहीत. आधी क्ष-किरण तपासणी केली जाते. अलीकडे सोनोग्राफीने फट थेट पाहता येते, तरी तिचा शोधक कोठे टेकवायचा हे बोटच सांगते.

इतिहास

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात जानु हे मर्म जंघा आणि ऊरू यांच्या सांध्यावर सांगितले आहे, आणि तेथील आघाताने लंगडेपणा येतो असे म्हटले आहे. गुडघ्याची गणना तेथे कोर, म्हणजे बिजागरीसारख्या सांध्यांत केली आहे. आणी नावाच्या मर्माची जागा गुडघ्याच्या वर तीन अंगुळे अशी दिलेली आहे. आयुर्वेदातील हे अंगुळ ज्याचे त्याचे असते, म्हणजे माप त्याच व्यक्तीच्या बोटाने घ्यायचे. शरीर लहान-मोठे असले तरी प्रमाण टिकून राहावे, ही त्यामागची कल्पना आजच्या गुणोत्तर पद्धतीशी जुळणारी आहे. दोन्हींमध्ये परंपरेचा धागा दाखवता येत नाही, अडचण मात्र दोघांपुढे एकच होती.

पाश्चात्त्य वैद्यकात लंडनचे शल्यचिकित्सक ल्यूथर होल्डन यांचे 'लँडमार्क्स, मेडिकल अँड सर्जिकल' हे पुस्तक १८७६ मध्ये प्रसिद्ध झाले. जिवंत माणसाच्या त्वचेवरून आतील रचना ओळखण्याचे पद्धतशीर शिक्षण देणाऱ्या आरंभीच्या पुस्तकांत त्याची गणना होते. १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लागल्यावर हाताने ठरवलेली रेषा चित्रात पडताळता येऊ लागली. १९१८ मध्ये टोकियोत केन्जी ताकागी यांनी मृतदेहाच्या गुडघ्यात दुर्बीण घालून पाहिले, आणि पुढे छेद नेमका कोठे घ्यावा हा प्रश्न शल्यचिकित्सकांपुढे आला. स्टॅन्ली हॉपेनफेल्ड यांचे १९७६ चे शारीरिक तपासणीवरील पुस्तक अस्थिरोग व भौतिकोपचाराच्या विद्यार्थ्यांत आजही वापरले जाते.

महाराष्ट्रात

मांडी घालून बसणे, उकिडवे बसणे, विळीवर बसून चिरणे या सवयींमुळे भारतीय गुडघ्याला १३० अंश किंवा त्याहून अधिक वाकावे लागते. रोपणात रेषा वर सरकल्याची झळ अशा गुडघ्याला लवकर बसते. भारतीय हाडांची मापे आणि ही बसण्याची पद्धत लक्षात घेऊन पुण्याचे अस्थिशल्यचिकित्सक कांतिलाल हस्तीमल संचेती यांनी 'इंडस नी' हा स्वदेशी कृत्रिम गुडघा विकसित केला.

रत्नागिरी जिल्ह्यात चिपळूण तालुक्यातील डेरवण-सावर्डे येथे भ. क. ल. वालावलकर रुग्णालयाशी संलग्न ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय २०१५ मध्ये सुरू झाले; रत्नागिरी शहरातही आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. वैद्यकीय अभ्यासक्रमात पृष्ठीय शरीररचना, म्हणजे त्वचेवरून आतील अवयवांच्या जागा ओळखणे, पहिल्या वर्षीच शिकवली जाते.

कृत्रिम पाय बनवतानाही हीच रेषा आधाराला घेतात. पुण्याचे आर्टिफिशियल लिंब सेंटर १९४४ मध्ये, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, जखमी सैनिकांसाठी स्थापन झाले. गुडघ्याखाली पाय कापलेल्या व्यक्तीत उरलेल्या भागाची लांबी टिबियाच्या आतल्या पठारापासून, म्हणजे सांधारेषेपासून मोजण्याची प्रथा आहे. वाटीचे खालचे टोक आणि टिबियाचा पुढचा उंचवटा यांच्यामधील कंडरा दाब सहन करू शकते. त्यामुळे १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील बर्कली येथे तयार झालेल्या एका प्रसिद्ध रचनेत कृत्रिम पायाच्या खोबणीला याच कंडरेसमोर आतून उंचवटा दिला जातो. तो वर सरकला तर वाटीला टोचतो, खाली सरकला तर हाडावर घासून जखम करतो.

न्यायवैद्यक आणि मानवमिती यांमध्ये जिवंत व्यक्तीच्या नडगीची लांबी आतल्या सांधारेषेलगतच्या टिबियाच्या कडेपासून आतल्या घोट्याच्या टोकापर्यंत मोजतात आणि तीवरून उंचीचा अंदाज बांधतात. त्यासाठीची सूत्रे प्रत्येक प्रदेशातील लोकसमूहाकरिता आणि स्त्री-पुरुषांकरिता वेगवेगळी काढावी लागतात.